जन्माने नव्हे, कबुलीने

देवळा, कळवण, सटाणा या पट्ट्यात ख्रिस्ती म्हटले की माणसांना नाशिकचे शरणपूर आठवते. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसवलेली ती वस्ती. तिची परंपरा अँग्लिकन, आणि आज ती चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या छत्राखाली आहे. दुसरी ओळख कॅथलिकांची. १९८७ पासून नाशिक हा त्यांचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. दोन्हीकडे ख्रिस्ती घरात मूल जन्मले की त्याला तान्हेपणीच बाप्तिस्मा देण्याची रीत आहे. बाप्टिस्ट मात्र नेमके तेच नाकारतो. म्हणून या जिल्ह्यात तो ख्रिस्त्यांतही परका ठरतो. ख्रिस्ती शेजारी त्याला हेकेखोर म्हणतो, हिंदू शेजारी बाटवणारा म्हणतो आणि पुरोगामी मित्र पोथीनिष्ठ म्हणतो. या तिघांनाही उत्तर देणे शक्य आहे. ते देताना बाप्टिस्टांकडूनही एक जुनी बाकी वसूल करावी लागेल.

बाप्टिस्ट म्हणतो तरी काय?

पुराणमतवादी बाप्टिस्ट मंडळीच्या विश्वासकथनातला निम्मा मजकूर इतर पंथांनाही मान्य असतो: त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, कुमारीच्या पोटी जन्म, वधस्तंभावरचे प्रायश्चित्त, सदेह पुनरुत्थान, पुनरागमन. वेगळेपण पुढे सुरू होते. श्रद्धा आणि आचरण यांचा अखेरचा निकष पवित्र शास्त्र. बिशप, परिषद किंवा परंपरा नव्हे. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे. पुण्याच्या जमाखर्चाने नाही. मंडळीचा सभासद तोच, ज्याने पश्चात्ताप करून स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केला. बाप्तिस्मा त्यालाच, आणि तोही पूर्ण पाण्याखाली. विधी दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. प्रत्येक मंडळी स्वतंत्र. पाळक कोण, सभासद कोणाला करून घ्यायचे, पैशांचा हिशेब बरोबर आहे की नाही, हे सभासदांनी सभेत बसून ठरवायचे. आणि शेवटचे कलम: माणसाच्या अंतःकरणावर राजाची सत्ता चालत नाही.

ही कलमे सुटी सुटी वाचली तर विक्षिप्त वाटतात. त्यांच्या मुळाशी मात्र एकच विचार आहे. विश्वास वारशाने येत नाही, विकत मिळत नाही आणि लादता येत नाही. बाकी सगळे या एका विधानातून निघते.

आक्षेप पहिला: हा गोऱ्या साहेबाचा धर्म

हा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. या पंथाचा उगम १६०९ च्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये झाला, तो इंग्लंडच्या राजधर्मापासून पळालेल्या मूठभर लोकांत. त्यांच्यापैकी टॉमस हेल्विस मायदेशी परतला. १६१२ च्या त्याच्या पुस्तकात त्याने राजालाच बजावले की प्रजेच्या आत्म्यावर तुझा अधिकार नाही. पाखंडी असो, मुसलमान असो वा यहुदी, त्याच्या श्रद्धेसाठी त्याला शिक्षा करणे तुझे काम नव्हे. हेल्विस न्यूगेटच्या तुरुंगात मेला. जॉन बन्यन हा याच प्रवाहातला उपदेशक. सरकारी परवान्याशिवाय प्रवचन करतो म्हणून त्याने बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षे काढली. त्याच्या ग्रंथाचे हरि केशवजींनी केलेले मराठी रूप, ‘यात्रिकक्रमण’, १८४१ मध्ये निघाले.

हिंदुस्थानातही हेच. विल्यम केरी १७९३ मध्ये कंपनीच्या परवानगीशिवाय बंगालात उतरला. कंपनीला मिशनरी नकोच होते, म्हणून १८०० मध्ये त्याला डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात बिऱ्हाड थाटावे लागले. उलट १८१३ च्या सनदेनंतर कलकत्त्याला जो बिशप आला तो अँग्लिकन होता आणि त्याचा पगार कंपनीच्या महसुलातून निघे. साहेबाचा धर्म शोधायचाच असेल तर तो तिथे शोधावा. बाप्टिस्ट केरीच्या खात्यावर मराठीपुरते बोलायचे तर १८०५ चे व्याकरण, १८१० चा कोश आणि १८११ चा नवा करार आहे, आणि या कामात पंडित वैजनाथ शर्मा त्याच्या बरोबर होते.

अमेरिकेचा संबंध नंतरचा, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. तिकडच्या उदारमतवाद्यांशी बिनसल्यावर १९४३ मध्ये जे कन्झर्व्हेटिव्ह बाप्टिस्ट परदेशी मिशन निघाले, त्याने पुढे अमरावती-मेळघाटातल्या जुन्या कोरकू मिशनचे काम चालवले. पैसा बाहेरून आला, हे खरे. पण पैसा कुठून आला यावरून तत्त्व खरे की खोटे हे ठरत नाही. त्यासाठी तत्त्वच तपासावे लागते.

आक्षेप दुसरा: पाण्यात बुडवून बाटवतात

बाप्टिस्टांच्या मते पाण्यात तारण नाही. हे वाक्य त्यांच्या टीकाकारांनी पाठ करावे असे आहे. उमेदवार आधी मंडळीपुढे उभा राहून साक्ष देतो: मी कसा होतो, पश्चात्ताप कसा झाला, ख्रिस्तावर विश्वास का ठेवला. सभासद प्रश्न विचारतात. समाधान झाले तर दिवस ठरतो. लोहोणेरजवळ गिरणेला पाणी असेल तर नदीत, नाहीतर हौदात. पाळक कमरेइतक्या पाण्यात उभा राहतो, पुन्हा एकदा कबुली विचारतो, मग एक हात पाठीला लावून त्या माणसाला मागे झुकवतो. क्षणभर डोके पाण्याखाली जाते आणि माणूस वर येतो. जुन्या जीवनाला मूठमाती आणि नव्याचा आरंभ, एवढेच ते चिन्ह. आत काही घडलेच नसेल तर माणूस फक्त भिजतो, असे बाप्टिस्ट स्वतःच मानतो.

मग आमिषाने धर्मांतर हा बाप्टिस्टांच्या दृष्टीने नुसता गुन्हा उरत नाही, ती निव्वळ निरर्थक गोष्ट ठरते. धान्याच्या पोत्यासाठी पाण्यात उतरलेला माणूस त्यांच्याच हिशेबाने ख्रिस्ती झालेला नसतो.

‘हे कागदावर ठीक, प्रत्यक्षात काय?’ असे कोणी विचारील. प्रत्यक्षातले सर्वांत गाजलेले उदाहरण आंध्रातल्या ओंगोलचे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात तिथल्या अमेरिकन बाप्टिस्ट मिशनच्या जॉन क्लफने बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचे कंत्राट घेतले आणि उपाशी माणसांना मजुरी दिली. माणसे बाप्तिस्मा मागत होती. दुष्काळ चालू असेपर्यंत त्याने तो दिला नाही, कारण भाकरीसाठी आलेला कोण आणि विश्वासाने आलेला कोण हे ओळखायचे कसे? मदतीचे काम थांबल्यावर त्याने दार उघडले आणि ३ जुलै १८७८ या एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला.

या घटनेच्या दोन्ही बाजू बघाव्यात. थांबण्याचा निर्णय तत्त्वाला धरून होता. पोटाला चिमटा बसलेला असताना माणसाची कबुली घ्यायची नाही, हा संयम आमिषाच्या आरोपाला चोख उत्तर आहे. पण एका दिवसात २,२२२? एवढ्यांच्या साक्षी एकेक करून ऐकून, पारखून घेतल्या गेल्या असतील, यावर विश्वास ठेवणे जड जाते. ज्या पंथाचा सारा भर एकेका माणसाच्या कबुलीवर, त्याने आकड्यांचा अभिमान बाळगला की तो आपल्याच मूळ सिद्धांतावर पाणी सोडतो. टीकाकाराचा बाण इथे लागतो, आणि तो लागू द्यावा. मात्र तो बाप्टिस्ट तत्त्वाला लागत नाही, तत्त्व सोडणाऱ्याला लागतो.

कायद्याची भूमिकाही यापासून दूर नाही. आपल्या घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य आहे. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची मर्यादा सांगितली: आपला धर्म मांडण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात नाही. या निकालावर ख्रिस्ती समाजात नाराजी आहे आणि तिला कारणेही आहेत. पण खऱ्या बाप्टिस्टाला त्यातली एक गोष्ट मान्य करायला हरकत नसावी. दुसऱ्याला ख्रिस्ती ‘करता’ येतच नाही, असे त्याचे शास्त्रच सांगते.

आक्षेप तिसरा: लेकराला पाण्यापासून का अडवता?

हा घरातला वाद, आणि नाशिक जिल्ह्यात तो सर्वांत जिवंत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यात उत्तर भारतातल्या बाप्टिस्ट मंडळ्यांचा एक गटही होता. तोडगा असा निघाला की बालकाचा बाप्तिस्मा आणि विश्वास कबूल केलेल्याचा बाप्तिस्मा, दोन्ही चालतील. पुराणमतवादी बाप्टिस्टाला असला तोडगा पटत नाही, म्हणून तो फुटीर ठरतो.

समोरच्यांचा युक्तिवाद हलका नाही. पवित्र शास्त्रातल्या फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने घरादारासकट बाप्तिस्मा घेतला. त्या घरात लेकरे नसतील कशावरून? अब्राहामाच्या वंशात आठव्या दिवशी सुंता होई, मग नव्या करारातल्या मुलाला खूण का नको? याला बाप्टिस्टाचे उत्तर असे: तुरुंगाधिकाऱ्याची हकीकत ज्या अध्यायात येते त्यातच त्या घरातल्या सर्वांना वचन सांगितले गेले आणि विश्वासामुळे घरादारासह आनंद झाला, असे लिहिले आहे. वचन ऐकणारे आणि आनंद करणारे ते कुटुंब, पाळण्यातले तान्हे त्यात कसे बसवायचे? सुंता वंशाची खूण होती, आणि ख्रिस्ताच्या मंडळीत वंश चालत नाही, हाच तर नव्या कराराचा मुद्दा.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. माळकऱ्याच्या घरात जन्मलेले पोर आपोआप माळकरी होत नाही. आजोबांची माळ आजोबांपाशी. नातवाने ती घालायची तर पथ्य पाळायचे, वारी करायची, आणि हा निर्णय त्याने स्वतः घ्यायचा. घरच्यांनी हौसेने लहानपणी गळ्यात माळ घातली तरी ती निभावण्याचा प्रश्न कळत्या वयात पुन्हा उभा राहतोच.

नाशिकशी नाते सांगणाऱ्या एका घरातच याचा पुरावा आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंनी तेव्हा त्यांच्या मागे उडी मारली नाही. त्या रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनाचा कौल घेऊन ख्रिस्ती झाल्या. दोघेही बाप्टिस्ट नव्हते. पण पतीचा विश्वास पत्नीला आपोआप लागू होत नाही, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आक्षेप चौथा: शेवटी शब्दप्रामाण्यच ना?

फुले-आगरकरांच्या महाराष्ट्रात हा प्रश्न येणारच. ग्रंथ अखेरचा म्हटला की विचार संपला, असे पुरोगाम्याला वाटते. पण इथे ग्रंथ कोणाच्या डोक्यावर ठेवला आहे ते पाहा. बाप्टिस्ट व्यवस्थेत तो पाळकाच्याही वर आहे. देवळ्यातल्या कांदा निवडणाऱ्या बाईने तो मराठीत उघडून ‘पाळकसाहेब, हे इथे लिहिलेले नाही’ म्हटले, तर पाळकाला उत्तर द्यावे लागते. पोथी पुरोहिताच्या कुलपात असते तेव्हा शब्दप्रामाण्य गुलाम घडवते. पोथी सगळ्यांच्या हातात आणि निर्णय सभेच्या हातात, अशी मांडणी असते तेव्हा तेच प्रामाण्य माणसाला प्रश्न विचारायचा आधार देते.

आता ती बाकी. ग्रंथ अचूक मानणे ही श्रद्धा झाली. आपले वाचन अचूक मानणे हा गर्व. पुराणमतवादी बाप्टिस्टांनी हा फरक वारंवार पुसला आहे. अमेरिकेतले सदर्न बाप्टिस्ट १८४५ मध्ये वेगळे झाले ते गुलामगिरीच्या प्रश्नावर, गुलाम बाळगणाऱ्यांची बाजू घेऊन, आणि शास्त्राचा हवाला देत. त्यांनी जाहीर क्षमा मागितली १९९५ मध्ये. दीडशे वर्षे! शास्त्र तेच होते, चुकले होते ते वाचणारे.

याच मंडळींनी २००० च्या विश्वासकथनात पाळकाचे पद पुरुषांपुरते ठेवले, आणि आपल्याकडच्या अनेक पुराणमतवादी मंडळ्याही तेच मानतात. हे मला पटत नाही, आणि कारण बाहेरचे देण्याची गरज नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे पवित्र शास्त्र मराठीत आणले. मृत्यूपूर्वी, १९२२ मध्ये, काम संपवले. जी बाई मूळ भाषांतून शास्त्र मराठीत आणते, तिने ते व्यासपीठावरून उलगडू नये, असे म्हणणाऱ्यांनी निदान आपले वाचन पुन्हा तपासावे. शास्त्र उघडून आक्षेप घेण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे ना? मग हा आक्षेप त्याच हक्काने घेतलेला आहे.

सिद्धांत

चारही आक्षेप चाळून खाली काय उरते? परकेपणाचा आक्षेप इतिहासाने खोडला. बाटवण्याचा आक्षेप तत्त्वाला लागू नाही. आकड्यांच्या हव्यासाला लागू आहे. एकी मोडल्याचा आक्षेप खरा आहे, पण न पटलेली गोष्ट एकीसाठी पटल्याचे दाखवणे याला बाप्टिस्ट एकी म्हणत नाही. पोथीनिष्ठेचा आक्षेप अर्धा खरा. तो ग्रंथाला लागत नाही, ग्रंथाच्या नावाने स्वतःला अचूक समजणाऱ्याला लागतो.

जगभर पुराणमतवादी म्हणून हिणवल्या गेलेल्या या पंथाचे सर्वांत जुने मत, म्हणजे कबुलीशिवाय बाप्तिस्मा नाही, हेच त्याचे सर्वांत आधुनिक मत आहे. त्यातूनच हेल्विसने मुसलमान-यहुद्यांचेही स्वातंत्र्य मागितले. ज्याला स्वतःची कबुली मोलाची वाटते, त्याला दुसऱ्याचा नकारही मोलाचा मानावा लागतो. देवळ्यातला शेजारी ‘मला तुमचा ख्रिस्त नको’ म्हणाला, तर त्याचा नकार आदराने ऐकून शेजारधर्म सोडायचा नाही, हे बाप्टिस्टाचे कर्तव्य. आणि दुसरा शेजारी, कोणाच्या दबावाशिवाय, ‘मला हवा’ म्हणाला, तर त्याची वाट अडवण्याचा अधिकार गावाला नाही, सरकारला नाही, आणि त्याच्या बापालाही नाही.