केसपेपरवर नसलेले वजन

मणक्याला मार लागून, पक्षाघाताने किंवा मांडीचे हाड मोडून जो माणूस महिनाभर अंथरुणाला खिळतो, त्याच्या माकडहाडापाशी होणारी जखम म्हणजे शुश्रूषेतील हलगर्जीचा पुरावा, असे मानण्याची रीत जुनी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये शय्याव्रणाचा दोष रोगाला नव्हे, तर शुश्रूषेला दिला होता. त्याच पुस्तकात त्यांनी आणखी एक इशारा दिला होता : अन्न उपलब्ध असूनही, केवळ कोणी लक्ष देत नाही म्हणून, रुग्ण उपाशी राहतात. हा दुसरा इशारा आपल्या आरोग्य प्रशासनाने फारसा मनावर घेतलेला नाही.

रायपूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत बस्तरपासून सरगुजापर्यंतचे रुग्ण येतात. त्या भागातील गरीब रुग्णाचे शरीर दवाखान्याच्या दारात कोणत्या अवस्थेत पोहोचते, याची कल्पना बिलासपूर जिल्ह्यातील गनियारी येथील ‘जन स्वास्थ्य सहयोग’च्या नोंदींवरून येते. फुप्फुसाचा क्षय झालेल्या १,६९५ प्रौढांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुरुषांचे मध्यक वजन ४२.१ किलो आणि स्त्रियांचे ३४.१ किलो आढळले. क्षय वजन खातो हे खरे. पण एवढी झीज केवळ त्या रोगाची नसते, तिच्यामागे आधीची उपासमार असते. अशा शरीरात हाड आणि गादी यांच्यामध्ये उशीचे काम करणारे मांस उरलेले नसते आणि जखम भरून यायला लागणारी प्रथिनेही नसतात.

मग पूरक आहाराने शय्याव्रण टळतात का? पुरावा संमिश्र आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत ६७२ वृद्ध, गंभीर आजारी रुग्णांपैकी ज्यांना नेहमीच्या जेवणाबरोबर पूरक पेय दिले, त्यांच्यात पंधरा दिवसांत व्रणांचे प्रमाण सुमारे ४० टक्के, तर इतरांत सुमारे ४७ टक्के होते. मात्र उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन समीक्षकांचे त्याने समाधान झालेले नाही. २००५च्या ‘फूड’ चाचणीत तर चार हजारांहून अधिक पक्षाघातग्रस्तांना सरसकट पूरक देण्याचा लक्षणीय लाभ दिसला नाही. या निष्कर्षावर बोट ठेवून वित्त विभाग प्रस्ताव परत पाठवू शकेल. असे शेरे मी नोकरीत पुष्कळ वाचले आहेत आणि लिहिलेही आहेत. पण त्या चाचणीतील जेमतेम ८ टक्के रुग्ण मुळात कुपोषित होते. पोटभर जेवणाऱ्याला आणखी एक पेला देऊन फरक पडला नाही, यावरून उपाशी माणसाला अन्न नको, असे सिद्ध होत नाही.

म्हणून मी प्रथिन-पावडरीचे डबे खरेदी करा, असे म्हणणार नाही. डब्याची निविदा काढणे सोपे असते, त्यामुळे सरकारला तो उपाय नेहमीच आवडतो. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका कुपोषित आणि शय्याव्रणाचा धोका असलेल्या रुग्णाला दररोज प्रतिकिलो वजनामागे ३० ते ३५ कॅलरी आणि १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत, असे सांगते. चाळीस किलोच्या माणसासाठी हे ५० ते ६० ग्रॅम प्रथिने होतात. दोन अंड्यांत सुमारे १२ ग्रॅम, शंभर ग्रॅम फुटाण्यांत सुमारे २० ग्रॅम. उरलेली डाळ, भात आणि दुधातून येतात. शेजारच्या झारखंडमध्ये क्षयरुग्णांना तांदूळ, डाळ, दूध पावडर आणि तेल यांचा मासिक शिधा देण्याचा प्रयोग पद्धतशीरपणे झाला आहे. ज्याला गिळता येत नाही किंवा पुरेसे खाववत नाही, त्याच्यासाठी डबा जरूर असावा. मात्र दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीरावर एकदम अन्नाचा मारा केला, तर रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून जीवही जाऊ शकतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाचे गणित आणखी वेगळे. त्यामुळे वॉर्डात आहारतज्ज्ञ हवा, केवळ जेवणाची गाडी नव्हे. आणि दर दोन-तीन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याला तर कोणताही आहार पर्याय नाही.

छत्तीसगडला अन्नाच्या राजकारणाचा इतिहास आहे. १८५६च्या दुष्काळात व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार फोडून ते रयतेला वाटणारे सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात फाशी दिली गेली; आज त्यांच्या नावाने नव्या रायपुरात क्रिकेटचे मैदान आहे. याच राज्याने राष्ट्रीय कायद्याच्या आधी, २०१२ मध्ये, स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला. बालकांसाठी पोषण पुनर्वसन केंद्रे आहेत. तिथे मुलाचे वजन होते, दंडाचा घेर मोजला जातो, आहार ठरतो. पाच वर्षांवरील भुकेल्या माणसासाठी मात्र अशी खाट नाही. तो वॉर्डात ‘फ्रॅक्चर’ किंवा ‘लकवा’ म्हणून दाखल होतो आणि भूक हे निदान म्हणून कुठेच लिहिले जात नाही.

वास्तविक आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये रुग्णाचे भोजन अंतर्भूत आहे. तेव्हा नव्या लेखाशीर्षाची वाट पाहण्याचे कारण नाही. दाव्याच्या कागदपत्रांत दोन आकडे सक्तीचे करावेत : दाखल होतानाचे वजन आणि घरी जातानाचे. ज्याला उभे राहता येत नाही, त्याच्या दंडाचा घेर फितीने मोजावा. ती फीत अंगणवाडीतही असते. त्यासोबत शय्याव्रण आधीपासून होता की वॉर्डात झाला, हीही नोंद असावी. परिचारिकांवर आणखी एका रकान्याचा भार पडेल, ही तक्रार रास्त आहे, आणि त्यांची रिक्त पदे आधी भरावीत. पण सुरुवातीला हे फक्त अस्थिरोग, मेंदूविकार आणि अतिदक्षता या तीन विभागांपुरते, रायपूरच्या सरकारी रुग्णालयांत सहा महिने करून पाहता येईल. त्यासाठी विधानसभेची मंजुरी लागत नाही; आरोग्य सचिवांच्या सहीचे एक परिपत्रक पुरते.