ठिपका दिसतो, माणूस दिसत नाही : शिरूर-दौंडच्या धुराचा हिशेब

ऑक्टोबर उजाडला की दिल्लीच्या धुराची चर्चा देशभर सुरू होते. पंजाबात किती ठिकाणी भाताचा पेंढा पेटला, याचा आकडा त्या हंगामात रोज येतो. भारतीय कृषी संशोधन संस्था तो उपग्रहांच्या मदतीने काढते. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, दिल्ली, राजस्थान आणि मध्य प्रदेश ही सहा राज्ये त्यात आहेत. महाराष्ट्र नाही, आणि उसाचे पाचटही नाही.

त्याच सुमारास शिरूर आणि दौंडमध्ये गळीत हंगाम सुरू होतो. भीमा, घोड आणि मुळा-मुठेकाठचा ऊस तुटतो आणि हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट रानात उरते. खोडव्याची मशागत लवकर उरकावी म्हणून अनेक जण ते पेटवतात. कधी उभा फडच पेटवला जातो. जळीत उसाचा दर कापला जातो, पण तोडणी झटपट होते.

या धुराच्या सगळ्यात जवळ कोण असते? बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून आलेला ऊसतोड कामगार. फडाशेजारी कोप्या करून राहणारे हे कुटुंब बहुतेकदा भूमिहीन किंवा अल्पभूधारक असते. त्यात बौद्ध, मातंग, बंजारा, वंजारी असे सगळे आहेत. कोपीला दार नसते, मग धूर अडवणार कशाने?

हा धूर मोजता येतो का? काही प्रमाणात येतो. 'नासा'च्या 'फर्म्स' या खुल्या नकाशावर कोणीही आपला तालुका उघडून आगीचे ठिपके पाहू शकतो. 'व्हीआयआयआरएस' या उपकरणाचा एक ठिपका ३७५ मीटरच्या चौकोनाचा, म्हणजे सुमारे ३५ एकरांचा असतो. 'वर्ल्डव्ह्यू'वर त्याच दिवसाचे छायाचित्र मिळते. त्यावर वाऱ्याची दिशा ताडून पाहिली की धूर कुठे सरकला याचा अंदाज येतो. जून २०२३ मध्ये कॅनडाच्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर आणि पुढे युरोपपर्यंत कसा गेला, हे जगाने अशाच साधनांनी पाहिले.

पण या साधनाच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. हे उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. संध्याकाळी पेटवलेले एकरभर पाचट तासाभरात विझते आणि नोंदीतून निसटते. उपग्रह गेल्यावर आग लावली जाते, असा वाद पंजाबबाबत २०२४ मध्ये झालाच होता. शिवाय ठिपका म्हणजे ३५ एकर जळाले असे नव्हे. कधी तापलेला कारखानाही आग म्हणून दिसतो. उपग्रह वरून धूर पाहतो, पण जमिनीलगत माणूस काय श्वासात घेतो हे तो सांगत नाही. त्यासाठी गावातच हवामापक यंत्र लागते.

आपण जातनिहाय जनगणना का मागतो? जे मोजले जात नाही ते धोरणात येत नाही म्हणून. धुराचेही तसेच आहे.

म्हणून तरुणांनी एक हंगाम नोंदवही ठेवावी. त्यात तारीख, वेळ, शिवार, वाऱ्याची दिशा, फोटो आणि त्या दिवशीचा ठिपका नोंदवावा. शेतकऱ्याचे नाव मात्र लिहू नये. त्याला आरोपी करून प्रश्न सुटणार नाही, कारण पाचट कुजवायला यंत्र, मजूर आणि वेळ लागतो. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट पाचट न जाळता जमिनीत कुजवायला सांगते. तो सल्ला लहान शेतकऱ्याला परवडावा, ही जबाबदारी कारखाने आणि शासनाची आहे.

ही वही ग्रामसभेत ठेवा आणि तीन मागण्या करा : पाचट कुट्टीचे यंत्र माफक भाड्याने मिळावे, ऊस पट्ट्यात हवामापक बसवावे आणि ऊसतोड कामगारांची फुप्फुसतपासणी हंगामातच फडावर व्हावी. १ जानेवारीला लाखो लोक भीमा कोरेगावला येतात, तेव्हा हा हंगाम ऐन भरात असतो. त्या दिवशी आजूबाजूच्या फडांतल्या कोप्यांकडेही आपली पावले वळली पाहिजेत.