जुन्या बाटलीची परीक्षा

जबलपूरच्या खमरियात दारूगोळा बनतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभी राहिलेली इथली आयुध निर्माणी, जबलपूरकरांची ओएफके, आज पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचा भाग आहे. जवळच दारूगोळ्याच्या चाचणीची लाँग प्रूफ रेंज आहे. नोकरीनिमित्त या भागात रुजलेल्या मराठी घरांना तिथली शिस्त ठाऊक असते: लॉटमधून नमुने काढायचे, चाचणी घ्यायची, मगच माल पास. जुन्या वाइनच्या बाबतीत मात्र हीच चोखंदळ माणसे नुसत्या सालावर विसंबतात. जितकी जुनी तितकी भारी, हा समज इतका घट्ट आहे की नाशिकहून भेट आलेली शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनची बाटली शोकेसमध्ये वर्षानुवर्षे जपली जाते आणि एखाद्या लग्नाच्या वाढदिवसाला मोठ्या अपेक्षेने उघडली जाते.

त्या बाटलीने तोवर कितीतरी उन्हाळे काढलेले असतात. जबलपूरचा मे महिना चाळिशी सहज ओलांडतो. दीर्घकाळ ठेवायच्या वाइनला लागते ती अंधारी जागा आणि बारा ते पंधरा अंशांचे स्थिर तापमान. उष्णतेने आतला द्रव प्रसरण पावतो, बूच सरकते, हवा शिरते. फळांचा वास मुरंब्यासारखा शिजका होतो आणि पांढरी वाइन तपकिरीकडे झुकते. म्हणून जुन्या बाटलीबद्दल पहिला प्रश्न ‘किती वर्षांची?’ हा नसावा, ‘इतकी वर्षे कुठे होती?’ हा असावा.

जगातली बहुतेक वाइन एक-दोन वर्षांत पिण्यासाठीच बनते. मुरण्यासाठी आम्लता लागते, लाल वाइनला शिवाय तुरटपणा देणारी टॅनिन लागतात. काळाबरोबर टॅनिन आणि रंगद्रव्ये एकमेकांशी जोडली जातात, जड होऊन तळाशी बसतात. त्यामुळे जुनी लाल वाइन फिकट होत जाते; पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला की कडेला विटकरी छटा दिसते. पांढरीचे उलटे, ती गडद होत सोनेरी बनते. लाल वाइनच्या ताज्या फळांच्या जागी सुके अंजीर, चामडे, ओली माती येते. पांढरीत मध, मेण, भाजलेला सुकामेवा. हे सगळे असूनही जिभेवर आंबटपणाची धार टिकून असेल आणि घोट गिळल्यावर चव रेंगाळत असेल, तर ती वाइन खरोखर मुरली. नुसता सपाट गोडसर किंवा शिर्क्यासारखा वास आला, तर ती फक्त म्हातारी झाली. ओल्या पुठ्ठ्याचा वास हा तर बुचातल्या टीसीए या रसायनाचा दोष. त्याचा वयाशी संबंध नाही.

उघडण्याचीही रीत आहे. लाल बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, साका खाली बसू द्यावा आणि हळूहळू ओतावे. पेला हलवण्याआधी एकदा शांतपणे वास घ्यावा, कारण फार जुन्या वाइनचे गंध हवेत लवकर विरतात. पांढरी बर्फासारखी गार करू नये. दहा-बारा अंशांवर ती बोलकी होते.

शेनिन ब्लां हेच द्राक्ष फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यात, वूव्रे गावात, दशकानुदशके टिकणारी वाइन देते. नाशिकची शेनिन मात्र ताजीच प्यावी. नाशिकला वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या सुमारास खरड आणि पावसाळा सरताना गोडी, आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये येते. थंडी सरता सरता, उन्हे वाढताना द्राक्ष पिकते. साखर झपाट्याने चढते, आम्लता उतरते. यात कमीपणा काही नाही. वाइनचा तो स्वभाव आहे आणि विक्रेत्याने तो गिऱ्हाइकाला सांगायला हवा. दहा टक्के किंवा त्याहून अधिक अल्कोहोल असलेल्या पेयावर ‘बेस्ट बिफोर’ तारीख छापणे बंधनकारक नाही, त्यामुळे सांगण्याची जबाबदारी अधिकच वाढते.

लाल वाइनचे प्रकरण आशादायक आहे. अकलूजजवळच्या मोटेवाडीत फ्रातेल्ली वायनरीने इटलीचे वाइनकार पिएरो मासी यांच्या हाताखाली सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांच्या मिश्रणातून ‘सेत्ते’ बनवली, ती मुरवण्याच्या इराद्यानेच. पण इरादा आणि पुरावा यांत अंतर असते. १९७६मध्ये वाइनव्यापारी स्टीव्हन स्पुरिए यांनी पॅरिसमध्ये लेबले झाकून घेतलेल्या चाखणीत कॅलिफोर्नियाने फ्रान्सला मागे टाकले, तेव्हा ‘यांच्या वाइन टिकणार नाहीत’ असे म्हटले गेले. २००६मध्ये त्याच लाल वाइन पुन्हा झाकून चाखल्या गेल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे. अव्वल ठरली रिज माँटे बेलो, १९७१ सालची. तीस वर्षे कोणीतरी त्या बाटल्या नीट राखल्या होत्या, म्हणून वाद मिटला.

लेबल झाकण्याला पर्याय नाही. २००१मध्ये बोर्दोत संशोधक फ्रेडरिक ब्रोशे यांनी पांढऱ्या वाइनला लाल रंग दिला आणि वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. दुसरे संशोधक रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियातील स्पर्धेच्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली. सातत्याने गुण देणारे जेमतेम दहा टक्के निघाले. तज्ज्ञही चुकतात. म्हणूनच परीक्षक अनेक हवेत, नमुने पुन्हा द्यायला हवेत आणि नोंदी उघड हव्यात.

जानेवारी २०२२मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा सारी चर्चा विक्रीच्या जागेभोवती फिरली. बाटलीत काय आहे आणि ते किती टिकते, हा प्रश्न मागेच राहिला. नारायणगावच्या इंडाज वायनरीने १९८०च्या दशकात फेसाळ वाइन परदेशी पाठवली, म्हणजे राज्याचा अनुभव आता चार दशकांचा आहे. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. नाशिक, सोलापूर, सांगलीच्या प्रत्येक वायनरीने दर हंगामातल्या चार-दोन पेट्या बाजूला काढून तिथे थंड कोठारात द्याव्यात. त्या दरवर्षी झाकून चाखाव्यात, गुण वर्तमानपत्रात छापावेत आणि कोणती बाटली यंदा उघडावी, कोणती अजून तीन वर्षे ठेवावी, हे गिऱ्हाइकाला दुकानातच कळावे.