एका नावाची दोन कार्डे

तुपाचा डबा घेताना गृहिणी त्यावरचे नाव वाचते, आणि मग झाकण उघडून वासही घेते. नावावर तिचा विश्वास असतो, परंतु नाकावर अधिक असतो. संगणकाच्या सुट्या भागांच्या बाबतीत मात्र आपण सारेच निव्वळ नावावर विसंबतो, कारण तेथे वास घेण्याची सोय नाही. तेथे नाकाचे काम खोक्याच्या मागील बाजूस बारीक टायपात छापलेल्या तपशिलाच्या तक्त्यानेच करावे लागते. हा तक्ता कसा वाचावा, याचा एक लहानसा धडा या महिन्यात आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

धड्यासाठी आम्ही मुद्दाम दोन स्वस्त ग्राफिक्स कार्डे निवडली आहेत. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरील चित्रे घडविणारा संगणकातील स्वतंत्र भाग. एन्विडिया या अमेरिकन कंपनीने २०१७ च्या मे महिन्यात ‘जीफोर्स जीटी १०३०’ या नावाचे कार्ड बाजारात आणले. साध्या घरगुती संगणकात बसावे, वेगळी वीजतार लागू नये आणि खिशालाही फार तोशीस पडू नये, अशी त्याची योजना होती. पुढे २०१८ साली याच नावाचे दुसरे कार्ड आले. नाव तेच, क्रमांक तोच. बदलली होती ती आतली मेमरी. पहिल्यात ‘जीडीडीआर५’ जातीची, दुसऱ्यात ‘डीडीआर४’ जातीची. दुकानाच्या फळीवर ही दोन खोकी शेजारीशेजारी ठेवली, तर घाईतल्या गिऱ्हाइकास ती जुळी भावंडेच वाटावीत.

आता तक्ता पाहू. गणन करणारे घटक दोहोंत ३८४. मेमरी दोहोंत २ गिगाबाइट. मेमरीचा मार्ग दोहोंत ६४ बिटांचा. घड्याळाचा कमाल वेग पहिल्यात १४६८ मेगाहर्ट्‌झ, दुसऱ्यात १३७९. म्हणजे फरक शेकडा सहाचा. विजेची गरज पहिल्याची ३० वॉट, दुसऱ्याची २० वॉट. येथवर वाचून कोणीही म्हणेल की, दोन्ही सारखीच आहेत, उलट दुसरे वीज कमी खाते. पण खरी गोम पुढच्या ओळीत आहे. मेमरीतून प्रत्येक तारेवर दर सेकंदाला पहिल्यात ६ गिगाबिट माहिती वाहते, दुसऱ्यात अवघी २.१ गिगाबिट.

हिशेब कागदावर करता येण्याजोगा आहे. ६४ बिट म्हणजे ८ बाइट. आठांस सहांनी गुणले की सेकंदाला ४८ गिगाबाइट, आठांस २.१ ने गुणले की १६.८. दुसऱ्या कार्डाची वहनक्षमता पहिल्याच्या जवळजवळ एकतृतीयांश भरते. आचारी तितकेच, चुली तितक्याच, कोठीघरही तेवढेच मोठे. मात्र कोठीतून सामान आणून देणारा गडी तिप्पट सावकाश चालणारा. मग आचाऱ्यांनी हात जोडून उभे राहावे, यात नवल ते काय? जाणकार परीक्षकांनी दोन्ही कार्डांवर तेच संगणकीय खेळ चालवून पाहिले, तेव्हा कित्येक खेळांत दुसऱ्या कार्डाची गती पहिल्याच्या सुमारे निम्मीच भरली.

तथापि दुसरे कार्ड टाकाऊ आहे, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. घरच्या पडद्यावर नेहमी आढळणारी आकृती १९२० बाय १०८० ठिपक्यांची, म्हणजे २०,७३,६०० ठिपक्यांची. प्रत्येक ठिपक्यास ४ बाइट धरून सेकंदाला ६० वेळा पडदा भरावयाचा म्हटले, तरी सुमारे अर्धा गिगाबाइटच पुरतो. म्हणून पत्रव्यवहार, हिशेब, परदेशी असलेल्या मुलांशी बोलणे किंवा रात्री एखादे नाटक पाहणे, यांसाठी दोन्ही कार्डे सारखीच उपयोगी. चित्रफीत उलगडून दाखविण्याची यंत्रणाही दोहोंत एकच आहे. फरक जाणवतो तो खेळांत आणि त्रिमितीच्या आरेखनात, कारण तेथे एकच ठिपका रंगविण्यासाठी मेमरीकडे पुनःपुन्हा धाव घ्यावी लागते. वास्तुशास्त्र शिकणाऱ्या मुलीसाठी पै पै साठवून हे कार्ड घेणाऱ्या कुटुंबास म्हणूनच हा फरक क्षुल्लक नव्हे. मुलगी म्हणते संगणक अडखळतो. वडील म्हणतात, नाव तर तेच सांगितले होते तुम्ही. दोघेही खरेच बोलत असतात, आणि तरीही घरात उगाच कुरबूर सुरू होते.

आमचा आक्षेप आहे तो येथे. स्वस्त वस्तू हलकी असावी, यात गैर काही नाही. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे घ्यावे. परंतु हलक्या वस्तूस भारी वस्तूचेच नाव देणे हे सचोटीच्या व्यापारास शोभत नाही. मेमरीची जात खोक्यावर छापलेली असते, हे खरे. पण ज्या गिऱ्हाइकास ‘४’ आणि ‘५’ या अंकांमागचा अर्थच ठाऊक नाही, त्याला ते छापणे न छापण्यासारखेच. नाव हे गिऱ्हाइकास दिलेले वचन असते.

ही कार्डे आता नव्या पिढीची राहिलेली नाहीत. पण वापरलेल्या मालाच्या बाजारात आणि जुन्या संगणकांच्या पोटात ती अजून आढळतात. घेण्याची वेळ आलीच तर तीन गोष्टी कराव्यात. नावापाशी न थांबता मेमरीची जात विचारावी. काही कारखानदार मॉडेलच्या क्रमांकातच ‘डी४’ किंवा ‘डी५’ अशी खूण ठेवतात, ती शोधावी. ‘जीपीयू-झेड’ हा विनामूल्य प्रोग्रॅम चालवून मेमरीची जात आणि वहनक्षमता विक्रेत्यासमोरच पाहून घ्यावी. आणि मुख्य म्हणजे, स्वतंत्र कार्ड खरोखर हवे आहे का, हे आधी ठरवावे. २०१८ च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘रायझन ३ २२००जी’सारख्या प्रोसेसरांत चित्रे घडविणारा भाग आतच असतो. त्यास २४०० वेगाच्या डीडीआर४ मेमरीच्या दोन पट्ट्या जोडल्या, तर मार्ग १२८ बिटांचा होऊन ३८.४ गिगाबाइटांची वहनक्षमता मिळते. हा मार्ग प्रोसेसरच्या इतर कामांसही वापरावा लागतो, हे खरे. तरी त्या दुसऱ्या कार्डाच्या दुपटीहून ती अधिक आहे. मात्र तेवढीच मेमरी एकाच पट्टीत घेतली की हा आकडा निम्म्यावर येतो. आठाची एक घेण्याऐवजी चाराच्या दोन घ्याव्यात, हा सल्ला त्यामुळेच दिला जातो.

तात्पर्य, तक्त्यातील सर्वांत मोठा आकडा हाच सर्वांत महत्त्वाचा असतो, असे नाही. विक्रेता ‘दोन जीबी’ म्हणून बोट ठेवील, तेव्हा आपण शांतपणे विचारावे, “सेकंदाला किती गिगाबाइट?” उत्तर येईपर्यंत पैशाच्या पाकिटाला हात लावण्याचे कारण नाही.