सोय कोणाची?

‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध आपण सर्वांनी शाळेत लिहिला आहे. आज त्या मोठ्या प्रश्नाऐवजी चार्जिंगच्या एका लहानशा खाचेचा विचार करू. तिचे नाव टाइप-सी.

पूर्वी प्रत्येक यंत्राला निराळा चार्जर लागे व जुने चार्जर कचऱ्यात जात. हा अपव्यय थांबावा म्हणून युरोपीय संघाने २०२२ साली कायदा केला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे नव्या मोबाइलना ही एकच खाच सक्तीची झाली. आमच्या घरी एकाच वायरीवर तिघांचे फोन चालतात. गरिबाला ही सोय मोलाची आहे.

परंतु व्हेप, म्हणजे विजेवर चालणारी सिगारेट, हिनेही हीच खाच उचलली. युरोपच्या त्या यादीत व्हेप नव्हतेच. मग ही सोय कशासाठी? वापरून फेकायच्या अनेक व्हेपमध्ये द्रव पुष्कळ व बॅटरी लहान असते. शेवटच्या थेंबापर्यंत ओढता यावे म्हणून ही खाच! द्रव संपला की चांगल्या बॅटरीसकट सारे कचऱ्यात. कचरा वाचवणारी युक्ती कचरा करणाऱ्याच्याच कामी आली. ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून अशा व्हेपच्या विक्रीला बंदी आहे. नुसती खाच असून तेथे भागत नाही, द्रवही पुन्हा भरता आला पाहिजे.

आपल्याकडे तर २०१९ च्या कायद्याने व्हेपची निर्मिती, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सारेच बंद आहे. साठवणीखेरीज इतर पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी हा माल चोरवाटेने तरुणांच्या खिशात पोचतोच. चोरट्या मालाची बॅटरी परत घेणार कोण? आपल्या मीरा-भाईंदरचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो. तेथील आगींचा धूर गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे सोसला आहे. चेपलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, हे ठाऊक असून ती त्या ढिगात धाडावी काय?

मला अधिक सलते ते निराळेच. माझे वडील भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचे काम करतात. विडी, तंबाखू, गुटखा त्यांना वासावरून कळतो. पण फोनच्याच वायरीला लावलेली, पेनड्राइव्हसारखी दिसणारी, आंब्याचा वास येणारी वस्तू त्यांनी ओळखावी कशी? कॉलेजचेच काहीतरी असेल, असे समजून ते तिच्या जागी हळूच ठेवतील. आईबापांच्या अशा विश्वासाच्या आड आपण व्यसन लपवावे, यासारखी शरमेची गोष्ट नाही.

म्हणून सुचवावेसे वाटते की, पालक सभेत व्हेपचे चित्र दाखवून सोप्या भाषेत माहिती द्यावी, आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयात निकामी बॅटऱ्यांसाठी पेटी ठेवावी. बाकी वायरीचा काही दोष नाही. तिला काय जोडायचे, हे आपल्याच हाती आहे.