मालकीच्या नियमाचा शेवट मनुष्यापाशीं व्हावा

बुद्धिबळ खेळतांना नियम अढळ असतात. परंतु पीटर सूबर या अमेरिकन तत्त्वज्ञांनीं रचिलेला व १९८२ सालीं प्रसिद्ध झालेला ‘नोमिक’ हा खेळ निराळा आहे. त्यांत नियम बदलणें हीच खेळी होय. प्रारंभीं २९ नियम असतात. प्रत्येक खेळाडू आपल्या पाळीस एक बदल सुचवितो व सर्वजण त्यावर मत देतात.

अशा खेळांत मालकी आणावयाची झाल्यास सहज सुचणारें वाक्य असें: ‘जो पेटीचा धनी, तो आंतील सर्व वस्तूंचा धनी, पेटीही वस्तूच होय.’ पेटींत पेटी ठेविली तरी हें लागू पडतें, कारण नियम पुनः स्वतःलाच लागू होतो. परंतु या पेट्या लांकडाच्या नसून वहींतील नोंदी असतात. पहिली दुसरींत व दुसरी पहिलींत, अशी नोंद झाली तर आंतील नाण्याचा धनी कोण? शोध घ्यावा तों फेरा संपतच नाहीं. शिवाय मूळ खेळाचा २१३ वा नियम असा आहे कीं, एखादी खेळी सारखीच वैध व अवैध ठरली, तर ज्याची पाळी प्रथम अडेल तोच विजयी. म्हणजे मोघम शब्दांवर बक्षीसच ठेविलेलें आहे!

म्हणून नियम असा लिहावा: ‘प्रत्येक वस्तूचा धारक एकच, तो खेळाडू किंवा पेटी असावा. धारक खेळाडू असल्यास तोच मालक. धारक पेटी असल्यास त्या पेटीचा मालक तोच वस्तूचा मालक. ज्या हस्तांतरानें पेटी स्वतःच्याच पोटांत जाईल, तें रद्द समजावें.’ शेवटच्या वाक्यानें फेरा तुटतो व शोध खेळाडूपाशीं येऊन थांबतो.

कोणी म्हणेल, खेळांत एवढा कीस कशास? वाद झाल्यास समजुतीनें मिटवावा. परंतु समजुतीच्या वादांत मोठ्यानें बोलणाराची सरशी होते व अबोल मूल आपलें नाणें गमावून बसतें. स्पष्ट शब्द हा त्याचाच कैवारी होय. भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्याचें १९ वें कलमही, कांहीं अपवाद वगळतां, उपकंपनीस आपल्याच धारक कंपनीचे भाग बाळगूं देत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, पेटीस जाब विचारतां येत नाहीं, मनुष्यास येतो. ज्याच्या हातीं ठेव, त्यानेंच हिशेब द्यावा. तेव्हां नियम लिहितांना, अखेरीस हिशेब कोण देणार, हें प्रथम ठरवा.