कोचचा देव्हारा

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सरकारी नोकरांपैकी सर्वांत मोठा पगार राज्यपालाला मिळत नाही. तो विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोचला मिळतो. आपण कोणाला पूजतो, हे या समाजाने पगारपत्रकावरच लिहून ठेवले आहे.

जो पॅटर्नो १९५० साली पेन स्टेट विद्यापीठात फुटबॉलचे सहायक प्रशिक्षक म्हणून आले आणि १९६६ ते २०११ मुख्य प्रशिक्षक राहिले. ४०९ विजय, दोन राष्ट्रीय अजिंक्यपदे. खेळाडूंनी अभ्यासही केला पाहिजे असा त्यांचा आग्रह, ग्रंथालयासाठी लाखो डॉलरची देणगी. माणूस लुच्चा असता तर समाज केव्हाच हात झटकून मोकळा झाला असता. तसे नव्हते, म्हणूनच पुढे घडलेले प्रकरण जाब विचारण्याजोगे आहे.

त्यांचा जुना सहकारी जेरी सँडस्की याने गरजू मुलांसाठी संस्था काढली आणि तिच्यातूनच लैंगिक अत्याचारांसाठी सावज हेरले. १९९८ साली एका आईने तक्रार केली. चौकशी झाली, खटला झाला नाही. १९९९ मध्ये तो निवृत्त झाला, तरी लॉकर रूमच्या किल्ल्या त्याच्याकडेच! २००१ साली एका तरुण सहायकाने त्याला तिथल्या शॉवरमध्ये एका लहान मुलासोबत पाहिले आणि दुसऱ्या दिवशी पॅटर्नोंना सांगितले. त्यांनी वरिष्ठांच्या कानावर घातले, पण त्याच दिवशी नव्हे. वरिष्ठांच्या शनिवार-रविवारच्या सुट्टीत व्यत्यय नको होता, अशी साक्ष त्यांनीच पुढे दिली. वरिष्ठांनी पोलिसांना कळवले नाही. कायद्याचा कागद वर सरकवला की कर्तव्य संपले! त्या मुलाचे नाव काय, तो आहे कुठे, हे शोधावे असे त्या साखळीत एकालाही वाटले नाही.

सँडस्कीला अटक व्हायला २०११ उजाडले. विश्वस्तांनी पॅटर्नोंना फोनवरून काढून टाकले, आणि त्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले. मुलांसाठी? छे, कोचसाठी! वृत्तवाहिनीची गाडी उलथवणाऱ्या त्या हातांत पुढे पदव्या पडल्या असतील. अशांना सुशिक्षित म्हणावे का, हे त्यांच्या प्राध्यापकांनी सांगावे. नंतर हजारो जण मेणबत्त्या घेऊन पीडितांसाठीही जमले, हे नमूद केले पाहिजे. पण समाजाचा पहिला हुंकार कोणासाठी निघाला, तोच त्याचा खरा स्वभाव.

जानेवारी २०१२ मध्ये पॅटर्नो वारले. जूनमध्ये सँडस्की ४५ आरोपांत दोषी ठरला. जुलैमध्ये स्टेडियमबाहेरचा पॅटर्नोंचा पुतळा हलवण्यात आला, आणि क्रीडा संघटनेने विद्यापीठाला ६ कोटी डॉलर दंड ठोठावून १९९८ पासूनचे विजय खोडले. त्यांतले १११ पॅटर्नोंचे. मग काय लोक चवताळले! त्या विजयांसाठी कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०१५ मध्ये ते सन्मानाने परत मिळाले. पीडितांना विद्यापीठाने भरपाई दिली, पण त्यांच्या बाजूने स्टेडियम कधी गर्जले नाही. ते गर्जले सप्टेंबर २०१६ मध्ये: पॅटर्नोंच्या मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिल्या सामन्याला ५० वर्षे झाली, म्हणून विद्यापीठाने त्याच मैदानावर त्यांचा गौरव केला तेव्हा.